गुरगुरण्याचा हक्क

जो प्राणी गप्प बसलाय तो शिकला, असं तुम्ही खरंच मानता का?

उत्तराची घाई करू नका. आमच्या गल्लीनं घाई केली, आमच्या घरानंही केली, आणि त्या घाईचे दात एका भल्या माणसाच्या हातापर्यंत गेले.

मुकुंदवाडीत स्टेशनच्या मागच्या अंगाला आमचं घर आहे. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक, पुढं ओटा. पप्पा वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर आहेत. त्यांनी मला वाचायला शिकवलं ते पत्रकांवर. युनियनची पत्रकं, विहारातल्या सभेची पत्रकं, पाणीप्रश्नाची पत्रकं. छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि आई नि मी घड्या घालत बसायचो. शाळेत बाराखडी चालू होती तेव्हा मला ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द धडाधड वाचता येत होते.

त्यातल्या एका पत्रकावर चित्र होतं. वाकून चाललेला माणूस, कमरेला मागं बांधलेला झाडू, गळ्यात मडकं. मी विचारलं, “पप्पा, ह्याच्या गळ्यात हे काय?” पप्पांनी घडी घालायचं थांबवून सगळं सांगितलं. थुंकीनं रस्ता बाटू नये म्हणून आपल्या माणसांना गळ्यात मडकं अडकवून चालावं लागायचं, हे मला त्या दिवशी कळलं. मी जेवले नाही. मडकं मला कितीतरी दिवस दिसत राहिलं.

हे सगळं कुत्र्याच्या गोष्टीत कशाला, असं वाटेल. पण आमची चूक इथूनच सुरू होते.

दोन वर्षांपूर्वी नाल्याच्या कामावरून एक पिल्लू आमच्या ओट्यावर आलं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. आईनं दूध-पोळी कुस्करून दिली आणि ते राहिलंच. पुढच्या आठवड्यात मी औरंगपुऱ्यातून लाल पट्टा आणला, छोटा, घुंगरू लावलेला. पप्पांनी तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

“परत देऊन ये.”

“का?”

“आपल्या घरात कुणाच्या गळ्यात काय अडकवायचं नाय.”

मला त्यांचा केवढा अभिमान वाटला! कॉलेजात मी मैत्रिणींना सांगितलं की आमच्या घरात मालक नाही, आमची कुत्री स्वतंत्र आहे. शिकवायचं तर हुकूम द्यावे लागतात, म्हणून आम्ही तिला काही शिकवलंही नाही. ‘बस’ नाही, ‘थांब’ नाही, ‘ये’ नाही. ती वाटेल तेव्हा यायची, वाटेल तेव्हा जायची. आई तेवढी ओरडायची, “ए टवळे, पाय पुसून ये!” तिला पाय पुसणं म्हणजे काय हेही कुणी शिकवलं नव्हतं.

मोठी झाली तशी ती गाड्यांच्या मागं धावायला लागली. वाळूजची पहिली शिफ्ट सुटली की दुपारी आमच्या गल्लीत मोटारसायकली येतात. पहिल्या गाडीचा आवाज आला की ती ओट्यावरून उडी मारायची आणि चाकाच्या बरोबरीनं भुंकत जायची. पोरं हसायची. पप्पा म्हणायचे, “पळू दे, जीव हाय तिला.”

शेजारच्या घरातले काका पप्पांच्या बरोबरचे. एकाच कंपनीत नाहीत, पण एकाच बसथांब्यावर वीस-बावीस वर्षं उभे राहिलेले. त्यांचं गाव पैठणकडे, घरची शेती, आता वाटण्या होऊन थोडीच उरलेली. पप्पा त्यांना चिडवायला ‘पाटील’ म्हणतात, आणि ते पप्पांना ‘लीडर’. सुट्टीच्या सकाळी काका आमच्या ओट्यावर येतात. एकच पेपर दोघं वाचतात, आतली पानं एकाकडे, बाहेरची दुसऱ्याकडे, आणि मग भांडतात.

“लीडर, तुमचा पक्ष परत पडला की हो.”

“पडला तरी तुमच्यावानी विकला नाय, पाटील.”

आई चहा ठेवून म्हणायची, “आधी प्या, मग मारामाऱ्या करा.”

एका दुपारी काका शिफ्टवरून येत होते. ती गाडीच्या पुढच्या चाकाकडे झेपावली. त्यांनी तिला वाचवायला ब्रेक दाबला आणि गाडीसकट आडवे झाले. उजवं मनगट मोडलं, गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला. मी धावत बाहेर आले तेव्हा गल्लीतल्या कुणीतरी बांबू उचलला होता आणि तिच्या पाठीवर, कमरेवर तो पडत होता. ती केकाटत आमच्या जिन्याखाली शिरली. तिचं ते केकाटणं आणि रस्त्यावर बसलेल्या काकांचं “अगं आई गं” हे दोन्ही आवाज मला एकदमच ऐकू येत होते. कुणाकडे जावं ते कळेना. मी काकांकडे गेले, पण कान जिन्याकडेच होते.

संध्याकाळी गल्ली आमच्या दारात आली. ‘बांधा नाहीतर लांब नेऊन सोडा’ हा एकच सूर होता. काकू, म्हणजे काकांची बायको, सगळ्यांच्या पुढं होत्या.

“भाऊजी, आमचं माणूस पडलंय. तुमचं स्वातंत्र्य तुमच्या घरात ठेवा.”

सभेत शंभर माणसांपुढं बोलणारा माणूस स्वतःच्या उंबऱ्यावर चप्पल शोधत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रेनर बोलावला. सिडकोकडून बुलेटवर आला, काळा गॉगल, खांद्याला बॅग. बॅगेतून त्यानं लोखंडी साखळी काढली. एका टोकाला कडी, ओढली की गळ्याभोवती आवळणारी. चोक चेन म्हणतात तिला.

मी पप्पांना आत ओढलं. “हे? आपल्या घरात? तुम्ही मला काय शिकवलं?”

“पाटलाचा हात मोडलाय,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “तत्त्व घेऊन काय चाटायचं?”

“पण गळ्यात...”

“मला दिसतंय गळा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “हप्ताभर सोसू. नायतर तिला घाटात सोडून यावं लागंल. तू जाशील सोडायला?”

माझ्या सगळ्या पत्रकांत ह्याचं उत्तर नव्हतं.

बाहेर ट्रेनर म्हणत होता, “टेन्शन लेने का नै, अंकल. एक हप्त्यात लाइनवर आणतो. फक्त घरच्यांनी आत जायचं. घरचे समोर असले की जनावर नखरे करतं.”

तो तिला गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर न्यायचा. मी वरच्या खोलीच्या खिडकीतून बघायचे. बांबूच्या माराची आठवण ताजी होती, त्यामुळे काठी दिसली की ती गुरगुरायची. हे त्याच्या लक्षात आलं होतं. तो मुद्दाम काठी पुढं धरायचा. ती गुरगुरली की हिसका. साखळी आवळायची, पुढचे पाय जमिनीवरून सुटायचे, आणि तो ओरडायचा, “नो!” परत काठी. परत गुरगुर. परत हिसका. माझी नखं खिडकीच्या गजाला लागून तुटायची. खाली आई विचारायची, “झालं का गं?” आणि मी म्हणायचे, “नाही अजून.”

आठवडा संपायच्या आत गुरगुर बंद झाली. गाडी गेली तरी ती बसून राहायची. गल्ली खूश. ज्यानं बांबू हाणला होता तो म्हणाला, “बघा, जनावराला लाथाबुक्क्याचीच भाषा कळते.” ट्रेनर हसत बुलेटवर बसून गेला. साखळी आमच्याकडेच ठेवून गेला, “पुन्हा वाकडी झाली तर असू द्या.”

मला मात्र चैन पडेना. तुम्ही म्हणाल, कुत्री शांत झाली, आता काय? पण मी दिवसभर तिच्याकडे बघत होते. ती शांत दिसत नव्हती. आईनं केरसुणी उचलली तरी ती तोंड बाजूला वळवायची, जीभ नाकावर फिरवायची, डोळ्यातला पांढरा भाग दिसायचा. शेपूट पोटाखाली. अंग ताठ. आवाज मात्र काढायची नाही. पप्पांच्या कंपनीतल्या लोकांना ही शांतता माहीत असते, पप्पांनी कितीदा सांगितलंय मला: साहेब समोर असला की सगळे गप्प, मशीन चालू, आणि कुणाच्या मनात काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नाही. मी पप्पांना म्हटलं, “ही तशी गप्प आहे.” पप्पा म्हणाले, “तू लई विचार करतीस.”

पुढच्या सुट्टीच्या सकाळी काका आले. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत. डाव्या हातात काठी, गुडघ्यासाठी. बऱ्याच दिवसांनी ओट्यावर येत होते म्हणून आईनं पोहे टाकले होते.

“काय लीडर, शिस्त लागली म्हणे घराला?”

“या पाटील, बसा.”

ती पायरीजवळ बसली होती. काका काठी टेकत टेकत जवळ गेले. ती हलली नाही. मला तिच्या डोळ्यातलं पांढरं दिसलं. माझ्या तोंडातून “काका, थांबा” निघेपर्यंत त्यांनी खाली वाकून प्लास्टरचा हात झोळीतून काढून तिच्या डोक्याकडे नेला होता. “काय गं, राग नाय ना आता?”

ती चावली. आवाज नाही, इशारा नाही. बसल्या जागेवरून मान पुढं, आणि दात प्लास्टरमध्ये.

प्लास्टर होतं म्हणून हात वाचला. पांढऱ्यावर दातांच्या खुणा उमटल्या, एक टवका उडाला. काका मागं पायरीवर बसले, तोंड पडलेलं. ती जिन्याखाली. पोहे कढईला लागल्याचा वास येत होता आणि कुणी उठत नव्हतं.

काकू धावत आल्या. त्यांनी आधी काकांचे दोन्ही हात चाचपले. मग प्लास्टरवरच्या खुणा बघितल्या, आणि त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“आज प्लास्टर होतं. उद्या पोटरी असंल. हे प्लास्टर निघेस्तोवर तुमची मुदत. त्याच्यानंतर ती कुणाच्या अंगावर गेली, तर मी स्वतः कुत्री धरायची गाडी बोलावीन. मग माझ्या नावानं पत्रक काढा.”

त्या दिवसापासून फाटक वाजलं की मी उठायचे. काठी टेकल्याचा आवाज आला की उठायचे. प्लास्टर कधी निघणार हे मी काकांना विचारायचे, आणि ते म्हणायचे, “पोरी, तुला माझ्या हाताची काळजी का तिची?” मी म्हणायचे, दोघांची. खरं होतं ते.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आम्ही तिला औरंगपुऱ्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पप्पांनी तिला चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. रिक्षावाला आरशातून बघत होता.

“चचा, काटती तो नै ना? नयी सीट है.”

“काटेगी तो मेरे को काटेगी,” पप्पा म्हणाले.

डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, बोलायला तिखट. त्यांनी गळ्यावरचे केस बाजूला केले. खाली लाल वळ होता, सगळीकडून फिरलेला. पप्पांनी तो बघितला आणि मान वळवली.

“गुरगुरते का?” डॉक्टरांनी विचारलं.

“पहिले गुरगुरायची,” मी म्हटलं. “आता नाही. ट्रेनरनं बंद केलं.”

“शाबास. म्हणजे ती तुम्हाला सांगत होती, आणि तुम्ही तिचं सांगणं बंद केलंत. भीती आहे तिथंच आहे. आता ती न सांगता चावणार. चावलीच ना?”

पप्पा हळूच म्हणाले, “मग करायचं काय? बांधायचं पण नाय, मारायचं पण नाय...”

“बांधायचं नाही असं कुणी सांगितलं? रस्त्यावर मोकळी सोडली म्हणून तर तो माणूस पडला. पहिली चूक ती. मग साखळी आणली, दुसरी चूक ती.” त्यांनी कपाटातून एक पट्टा काढला, छातीवरून आणि पोटाखालून जाणारा. हार्नेस.

पप्पांनी तो घेतला आणि बोटानं सगळे पट्टे चाचपले. “गळ्यात काय येत नाय ना?”

“नाही येत.”

त्यांनीच तो तिला घातला. मला तेव्हा कळलं की आम्ही इतके दिवस आमचा इतिहास तिच्या गळ्यातून काढत होतो. तिच्या गळ्यात तो कधी नव्हताच. तिला भीती होती बांबूची आणि सवय होती चाकांची, आणि त्या दोन्हीशी आमच्या घरात कुणी बोललंच नव्हतं. एक तर मोकळी सोड, नाहीतर गळा आवळ. ह्यांच्या मधे शिकवणं नावाची गोष्ट असते, हे चळवळीतल्या घराला सुचू नये?

डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत इतकी साधी होती की माझा विश्वास बसेना. तिला काठी दिसेल, पण इतक्या लांबून की तिला भीती वाटणार नाही. काठी दिसली की लगेच तोंडात खाऊचा तुकडा. काठी गेली की तुकडे बंद. दिवसातून थोडाच वेळ. रोज नाही जमलं तरी चालेल, पण घाई नाही.

“किती लांबून?” मी विचारलं.

“ते तीच सांगेल. तुकडा खातेय तोवर ती शिकतेय. तोंड फिरवलं की समजा, तुम्ही फार जवळ आलात. आणि गुरगुरली तर रागवायचं नाही. मागं सरकायचं. तिला कळू दे की सांगितलं की ऐकलं जातं.”

आता काठीवाला माणूस पाहिजे होता. पप्पा काकांकडे गेले. मला वाटलं दार आपटणार. काका प्लास्टरकडे बघत म्हणाले, “म्हणजे मी नळाजवळ जाऊन काठी घेऊन उभं राहायचं? पुतळा हाय का मी?”

“पाटील, जिंदगीत एकदा तरी चळवळीचं काम करा.”

“तुमच्या कुत्रीची चळवळ. व्हय, करतो. घरी बसून तरी काय करू?”

गल्लीच्या टोकाला सार्वजनिक नळ आहे. काका तिथं उभे, काठी टेकून. मी आमच्या ओट्यावर, हातात उकडलेल्या अंड्याचे तुकडे. काका नळामागच्या भिंतीआडून बाहेर आले की तुकडा, आड गेले की काही नाही. पहिल्या दिवशी तिनं तोंड फिरवलं. मी मागं, घरात सरकले, दारातून बघू दिलं. तेव्हा कुठं खाल्लं. गाड्यांचंही तसंच. शिफ्ट सुटायच्या वेळी फाटकाच्या आत, हार्नेस धरून, प्रत्येक गाडीला एक तुकडा. पोरं विचारायची, “ताई, गाडीला अंडं देतीस का कुत्रीला?” आई म्हणायची, “आमच्या पोरीनं अंडी खाल्ली असती तर डॉक्टर झाली असती.”

सरळ काहीच झालं नाही. एका दुपारी सायलेन्सर काढलेली गाडी आली आणि तिनं अशी झेप घेतली की मी फाटकावर आपटले, दोन्ही गुडघे सोलले. मी हार्नेस सोडला नाही. मान वर केली तर शेजारच्या खिडकीत काकू. त्यांनी पडदा ओढला. त्या संध्याकाळी मी पप्पांना म्हटलं, “जमणार नाही. प्लास्टर आधी निघेल.” साखळी अजून खिळ्याला लटकलेली होती. माझी नजर तिकडे गेली, आणि पप्पांची माझ्याकडे. आई मात्र भाकरी थापत म्हणाली, “उद्या फाटकापासून मागं बस. दारात. एवढं रडायचं काय त्यात?”

दुसऱ्या दिवशी मी दारात बसले.

हळूहळू एक गोष्ट बदलली. गाडीचा आवाज आला की ती चाकाकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली. काका नळापासून स्वतःच्या दारापर्यंत आले, मग आमच्या फाटकापर्यंत. पण मला खात्री नव्हती. ती खरंच निवांत आहे की पुन्हा गप्प केलेली आहे, हे मला रोज नव्यानं बघावं लागायचं. शेपूट बघ, कान बघ, जीभ बघ. परीक्षेच्या निकालालाही मी एवढी घाबरले नव्हते.

प्लास्टर निघालं. पुढच्या सुट्टीला काका आले, हात मोकळा, बारीक झालेला, काठी अजून होती. काकू त्यांच्या मागं दोन पावलांवर, हात कमरेला. मी तिला हार्नेसला धरून ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात बसलेली. काका पहिल्या पायरीवर आले. काही नाही. तिनं अंडं खाल्लं. ते दुसऱ्या पायरीवर आले.

ती गुरगुरली.

खालच्या पट्टीत, घशातून. कितीतरी दिवसांत न ऐकलेला आवाज. काकू म्हणाल्या, “बघा! गुरगुरली!” आणि माझे डोळे भरून आले, कारण तिनं सांगितलं होतं. ती चावली नव्हती, तिनं सांगितलं होतं.

काका जागेवर थांबले. त्यांनी अंग बाजूला वळवलं, काठी मागं घेतली. “व्हय बाई, समजलं,” असं म्हणून एक पायरी उतरले. गुरगुर थांबली. तिनं माझ्या हातातला तुकडा घेतला, मग आडवी झाली आणि लांब श्वास सोडला.

“अंगावर गेली नाय,” पप्पा काकूंना म्हणाले. “बोलली फक्त.”

“मी बघतेय हां,” काकू म्हणाल्या. “अजून बघतेय. गाडीवाल्याचा नंबर मी टाकून दिलेला नाय.” आणि काकांना, “तुम्ही खालच्या पायरीवरच बसा. पेपर तिथं पण वाचता येतो.”

तर ती अजून आमच्याकडे आहे. बरी झाली असं मी लिहिणार नाही. फाटक वाजलं की आजही माझा हात आधी हार्नेसकडे जातो. काका खालच्या पायरीवर बसतात. कधीकधी दुसऱ्या पायरीवर येतात, तिनं परवानगी दिली तर.

माझी तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती वाचून बाजूला ठेवू नका. तुमच्या घरचं कुत्रं कुणाच्या हाती शिकायला देणार असाल, तर त्या माणसाला आधी एक प्रश्न विचारा: “हे चुकलं, तर तू काय करणार?” उत्तर नीट ऐका. शिकवताना तुम्हाला समोर उभं राहू देणार का तेही विचारा. हिसका, साखळी, फटका किंवा ‘तुम्ही आत जा’ यांतलं काहीही उत्तरात आलं, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. मग तुमच्या गल्लीत ज्याच्या कुत्र्याच्या गळ्यात तसली साखळी असेल, त्याच्या दारावर आज संध्याकाळी जाऊन हेच सांगा.